करपलेला भात, खरपूस भात

काही वर्षांपूर्वी एका कोरियन कथेचा मी मराठी अनुवाद केला होता. कोरियन भाषा तेव्हा मला येत नव्हती. अनुवाद अर्थातच इंग्रजीवरून केलेला. कथेत एक आजी आहे. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर ती भांड्याच्या तळाशी लागलेला भात खरवडून काढते आणि तो सर्वांत धाकट्या नातीच्या हातावर ठेवते. इंग्रजीत तिथे 'स्कॉर्च्ड राइस' असे शब्द होते. शब्दकोश पाहायचीही गरज वाटली नाही. मी 'करपलेला भात' असे लिहून पुढे गेले.

अनुवाद एका लहान नियतकालिकात छापून आला. महिन्याभराने साहित्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांचे पत्र आले. कथा त्यांना आवडली होती, पण आजीचा त्या नातीवर एवढा राग का, याचा उलगडा कथेत कुठे होत नाही अशी त्यांची तक्रार होती. मी त्यांना दोन पानी उत्तर पाठवले. पितृसत्ताक कुटुंबातील मुलीचे दुय्यम स्थान, उरलेसुरले अन्न आणि स्त्री यांचे नाते, लेखिकेने काहीही न सांगता सुचवलेली क्रूरता वगैरे. उत्तर चांगले उतरले होते. हेच विवेचन मी नंतर वर्गातही एकदा केले आणि विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेतले.

पुढे कोरियाहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीची ओळख झाली. मी तिला मराठी शिकवावे आणि तिने मला कोरियन, असा आमचा करार होता. तिला मी ही कथा आणि माझे विवेचन सांगितले. ती आधी गोंधळली आणि मग हसू आवरेना म्हणून तिने तोंडावर हात धरला. "मॅडम, ते तर सगळ्यांत चांगलं असतं. त्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो." आजीने सर्वांची नजर चुकवून धाकटीला दिलेला तो खाऊ होता. मी त्याची शिक्षा करून टाकली होती.

त्या दिवसानंतर मी कोरियन पद्धतीचा भात करायला शिकले. कथा सुधारायची तर भात करून पाहायला हवा, हा विचार आधी थोडा हास्यास्पद वाटला. आता वाटत नाही. जे माझ्या हाताला कळले त्यातले बरेचसे मला इंग्रजी अनुवादात दिसणे शक्यच नव्हते, आणि ते दिसण्यासाठी लागणारे शब्द मराठीत आधीपासून होते. कोरियन साहित्य मराठीत इंग्रजीच्या मार्गाने येत राहणार असेल, तर निदान स्वयंपाकघरापुरते तरी आपण इंग्रजीचे बोट सोडले पाहिजे, असे माझे मत आहे. या लेखात मी तेच मांडणार आहे.

आधी शब्द. शेतात उभे असलेले पीक कोरियनमध्ये 'ब्यो'. साल काढलेला, शिजवायचा दाणा 'स्साल'. शिजल्यावर 'बाप्'. (देवनागरीत हा शब्द लिहिणे ही एक पंचाईतच आहे. सरळ लिहिला तर तो 'बाप' होतो, आणि त्यातला 'प'कडे झुकणारा उच्चार जपायला जावे तर 'पाप'. म्हणून पायमोडका 'प्' वापरून वेळ मारून नेते.) इंग्रजीत या तिन्ही अवस्थांना बहुधा एकच शब्द चालतो. पिकासाठी वेगळा शब्द तिथे आहे, पण कथा-कादंबऱ्यांत तो क्वचितच येतो. मराठीत मात्र शेतात भात किंवा साळ, कांडल्यावर तांदूळ, शिजल्यावर पुन्हा भात. शेतातल्या आणि ताटातल्या वस्तूला एकच नाव देऊन मराठी एक वर्तुळ पूर्ण करते, तसे कोरियन करत नाही. पण कच्चा दाणा आणि शिजलेले अन्न या दोन वस्तू निराळ्या आहेत हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे. 'स्साल' आणि 'साळ' यांतले ध्वनिसाम्य पाहून व्युत्पत्तीचे मनोरे रचण्याचा मोह मात्र वाचकांनी टाळावा. मलाही तो झाला होता.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नाही. हान कांग यांच्या 'ह्विन' (पांढरे) या २०१६ च्या पुस्तकाच्या आरंभी पांढऱ्या वस्तूंची एक यादी आहे. मीठ, बर्फ, चंद्र, प्रेतवस्त्र अशा वस्तूंत तिथे 'स्साल' आहे, म्हणजे तांदूळ. इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला, त्यात 'राइस' आहे. त्यावरून मराठीत करणाऱ्याने तिथे 'भात' लिहिले तरी त्याला दोष देता येणार नाही. पण मीठ आणि बर्फ यांच्या रांगेत बसतो तो कोरडा, थंड, दाणेदार तांदूळ. वाफाळता भात त्या रांगेत उपरा वाटतो. याच पुस्तकात पुढे एका लहानशा प्रकरणाचे शीर्षकच 'स्सालग्वा बाप्' असे आहे. इंग्रजी अनुवादकाला या शीर्षकापाशी किती वेळ थांबावे लागले असेल कोण जाणे. मराठीत ते 'तांदूळ आणि भात' असे पहिल्या झटक्यात होते, आणि एका मृत अर्भकाभोवती फिरणाऱ्या या पुस्तकात थंड आणि ऊन यांच्यातले ते अंतर किती मोठे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता चुलीकडे. हा भात आखूड, गोलसर दाण्याच्या जापोनिका तांदळाचा. त्यात अमायलोज हा घटक कमी असतो, म्हणून शिजल्यावर शिते एकमेकांना धरून राहतात, तरी प्रत्येक शीत वेगळे दिसते. मोठ्या शहरांतल्या दुकानांत असा तांदूळ आता मिळतो. तो नसेल तर आपला इंद्रायणी मऊ आणि चिकट शिजतो, तो चालवून घेता येतो. मात्र तोच तांदूळ आहे अशी समजूत करून घेऊ नये. दोन वाट्या तांदूळ घ्यावेत. पहिले पाणी घातले की लगेच ओतून टाकावे, कारण कोरडा दाणा पहिलेच पाणी अधाशासारखा शोषतो आणि त्याबरोबर कोंड्याचा वासही. मग हाताने हलकेच चोळत आणखी तीन-चार पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याचे पांढुरके धुवण कोरियन घरांत टाकत नाहीत, रश्श्याला वापरतात. त्यानंतर तांदूळ अर्धा तास भिजू द्यावेत.

इथे आपल्या आणि त्यांच्या पद्धतीत एक मूलभूत फरक आहे. आपण आधण ठेवतो. पाण्याला उकळी फुटली की त्यात तांदूळ वैरतो. कोकणात भात वेळून पाणी काढण्याचीही रीत आहे. कोरियन पद्धतीत तांदूळ आणि गार पाणी एकत्रच चुलीवर चढतात आणि घातलेले पाणी बाहेर काढायचे नसते. म्हणून माप नेमके लागते. भिजवून निथळलेल्या तांदळाला जेमतेम तेवढेच, कोरड्या मापाने सव्वापटीच्या आत. घरोघरच्या बायका मापाचे भांडे न घेता तांदळावर तळहात पालथा ठेवतात आणि पाणी हाताच्या पाठीवर कुठवर आले ते पाहतात. जाड बुडाचे पातेले आणि घट्ट, जड झाकण हवे. मध्यम-मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांत उकळी येते. मग आच अगदी मंद करून दहा-बारा मिनिटे, मग गॅस बंद. आणि मग झाकण न उघडता आणखी दहा मिनिटे.

या शेवटच्या दहा मिनिटांना कोरियनमध्ये नाव आहे. 'त्तुम्'. माझ्यापुढे असलेल्या इंग्रजी कृतीत त्या जागी 'रेस्ट' हे क्रियापद होते, भात 'विश्रांती घेतो'. पहिल्या वेळी मला भूक लागली होती आणि भाताच्या विश्रांतीबद्दल विशेष आस्था नव्हती. झाकण उघडले, तर वरची शिते ओलसर, आतला कण टणक आणि तळाशी पाणी. वस्तुस्थिती अशी की भात त्या वेळी विश्रांती वगैरे काही घेत नसतो. दाण्याच्या पृष्ठभागावरचे पाणी गाभ्यापर्यंत जात असते, आतले पिठूळ कण फुलून शिजत असतात, वरच्या आणि खालच्या थरांतला ओलावा सारखा होत असतो. भात होण्याचे निम्मे काम आच बंद झाल्यावर होते.

मराठीत यासाठी शब्द शोधू लागले तेव्हा 'थोडा वेळ तसाच ठेवणे' यापलीकडे मला काही सुचेना, आणि त्याचे कारण मला नंतर कळले. माझा भात कुकरमध्ये होतो. शिट्ट्या मोजायच्या आणि वाफ गेली की झाकण काढायचे, एवढेच माझे भाताविषयीचे क्रियापदज्ञान. माझ्या आजीच्या चुलीला मात्र शेजारी वैल होता. मुख्य चुलीचा जाळ त्यात थेट येत नसे, नुसती धग येई. भाताला उकळी येऊन पाणी आटत आले की ती भांडे चुलीवरून उतरवून वैलावर ठेवी, वर ताटली, ताटलीवर कधी दोन निखारे, आणि म्हणे, "मुरू दे." मुरू देणे, वाफ जिरू देणे, दणदणून वाफ येऊ देणे ही सारी क्रियापदे आपल्याकडे आहेत. वैल गेला तशी ती वापरातून गेली, कोशात मात्र राहिली.

'त्तुम्'चा लाक्षणिक अर्थ साहित्याच्या माणसांना अधिक जवळचा वाटेल. बोलण्यापूर्वी कोणी बराच वेळ घेतला, मुद्द्यावर येईना, तर कोरियन माणूस म्हणतो, त्तुम् देत बसू नकोस, सांगून टाक. एखाद्या कादंबरीत हा प्रयोग आला की इंग्रजीत तो 'पॉज' किंवा 'हेजिटेट' होतो आणि झाकणाखालची वाफ निघून जाते. मराठीत 'आढेवेढे घेऊ नकोस' म्हणता येईल, पण आढेवेढ्यांत अनिच्छा आहे. त्तुम् देणाऱ्याला बोलायचे असते. त्याचे बोलणे आत शिजत असते आणि ऐकणाऱ्याला दम नसतो. 'मुरवत बसू नकोस' असे लिहून पाहिले तर वाचक क्षणभर अडखळेल, पण मला वाटते त्याला कळेल.

भात करण्याचे कोरियन क्रियापदही पाहण्यासारखे आहे. भातासाठी खास वापरले जाणारे क्रियापद 'चित्दा'. घर बांधणे, कपडे शिवणे, कविता रचणे, बाळाचे नाव ठेवणे, काढ्याची औषधे जुळवणे, शेती करणे या सगळ्यांना हेच एक क्रियापद चालते. पाप करण्यालाही. मराठीत 'रांधणे' आणि 'रचणे' यांची अशी सोयरीक नाही. आपल्याकडे दुसरीच एक गंमत आहे. कोकणात भात लावणे म्हणजे आवण उपटून चिखलात रोपे लावणे, आणि संध्याकाळी घरी येऊन भात लावणे म्हणजे चुलीवर चढवणे. सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य. कोरियनला जे क्रियापदात साधले ते आपल्याला निराळ्या ठिकाणी साधले आहे, आणि अनुवादकाने हे भांडवल खर्चायला शिकले पाहिजे.

आता तो तळाचा भात. वरचा भात काढून घेतल्यावर तळाशी बोटभरापेक्षा पातळ थर राहतो. पातेले पुन्हा अगदी मंद आचेवर काही मिनिटे ठेवले की तो थर तळापासून सुटू लागतो, बदामी होतो, भाजक्या धान्याचा वास सुटतो. तो 'नुरुंगजी'. जुन्या घरांत हा भात बिडाच्या जाड, गोल बुडाच्या 'गामासोत्' नावाच्या भांड्यात होई. ते चुलीवर कायमचे बसवलेले असे, त्यामुळे नुरुंगजी मुद्दाम करावी लागत नसे, ती होतच असे. त्याच चुलीचा धूर आणि उष्णता खोलीच्या जमिनीखालून नेलेली असे. भात शिजवणाऱ्या जाळावरच घराची जमीनही तापे. बाहेर गेलेल्या माणसाच्या वाटणीचा भात झाकणाच्या वाडग्यात भरून त्या जमिनीच्या सर्वांत उबदार कोपऱ्यात, गोधडीखाली ठेवण्याची रीत होती. कोरियन कथांत गोधडीखालचा हा वाडगा पुन्हा पुन्हा भेटतो. ज्याला ही चूल ठाऊक नाही त्याला प्रश्न पडतो की भात अंथरुणात कसा गेला.

'स्कॉर्च' हे इंग्रजी क्रियापद दोषदर्शक आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरात भाताचा तळ लागणे ही केवळ चूक असते त्यांच्या भाषेत दुसरे काय असणार? मराठीत मात्र दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत. जे करपते ते टाकायचे, जे खरपूस होते ते मागून घ्यायचे. दूध आटवल्यावर कढईची खरवड कोणाला मिळणार यावरून आपल्याकडेही मुलांत भांडणे होत. 'आजीने खरपूस खरवड काढली आणि धाकटीच्या हातावर ठेवली' एवढे वाक्य मी लिहिले असते तर त्या प्राध्यापकांना पत्र लिहावे लागले नसते आणि मला ते विद्वत्तापूर्ण उत्तरही. शब्द माझ्या घरात होता. पण मी मूळ शब्दाकडे पाहतच नव्हते. इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द शोधत होते, आणि तो अगदी बरोबर सापडला होता.

या खरवडीचे मोल समजायला थोडा इतिहास लागतो. १९२० पासून जपानी राजवटीने कोरियात तांदळाचे उत्पादन वाढवण्याची योजना राबवली. वाढलेला तांदूळ जपानला जाई आणि पिकवणाऱ्यांच्या ताटात मंचुरियातून आणलेले भरड धान्य पडे. युद्धानंतरही वसंतात, साठवलेला तांदूळ संपलेला आणि बार्ली अजून पिकायची, अशा उपासमारीच्या दिवसांना 'बोरित्गोगे', म्हणजे बार्लीची खिंड, असे नाव होते. १९६० आणि १९७० च्या दशकांत सरकारने भातात इतर धान्ये मिसळण्याची सक्ती केली. शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडायला लावत आणि भात निखळ पांढरा तर नाही ना, हे तपासत. १९७६ साली सोल शहराने उपाहारगृहांतल्या भाताच्या पोलादी वाटीचे मापही ठरवून दिले, व्यास १०.५ सेंटिमीटर आणि उंची ६. त्याच दशकात 'तोंगिल' नावाचे भरघोस उत्पन्नाचे वाण आले. त्याने देशाला तांदळात स्वयंपूर्ण केले, पण लोकांना ते आवडले नाही. इंडिका जातीशी संकर असल्याने त्याचा भात मोकळा होई. ज्या गुणासाठी आपण सुनेचे कौतुक करतो त्या गुणासाठी तिकडे नाके मुरडली गेली. सरकारने खरेदीची हमी दिलेला तो तांदूळ पुढच्या दशकभरात जवळपास नाहीसा झाला. अन्नाच्या बाबतीत पोट भरले की माणसाची जीभ परत येते, हे अर्थशास्त्रज्ञांच्या हिशेबात बहुधा नसते.

अशा देशात तळाचा भातही मोजला जातो, म्हणून आजीने तो कोणाला दिला याला अर्थ आहे. आज कोरियातला भाताचा खप खूप उतरला आहे. १९७० साली दरडोई वर्षाला सुमारे १३६ किलो तांदूळ लागे, २०२४ मध्ये तो ५६ किलोच्याही खाली आला. विजेच्या कुकरात भात तळाला लागत नाही, त्यामुळे नुरुंगजी आता कारखान्यात करून पाकिटात विकतात. माझ्या विद्यार्थिनीनेही गामासोत् वापरात असलेला फक्त आजोळी पाहिला होता.

अनुवादाचा खरा पेच मात्र 'बाप्' या शब्दापाशी आहे, कारण तो भातापाशी थांबत नाही. बाप् म्हणजे जेवण. "बाप् खाल्लास का?" हा कुशलप्रश्न आहे. "कधीतरी एकत्र बाप् खाऊ" हा निरोपाचा उपचार. त्यावर कोणी तारीख विचारू नये. एका भांड्यातला बाप् खाणारे म्हणजे एका संस्थेत, एका संघात असलेले. कोणी दुर्लक्षिले तर त्याची गत थंड बापाची. दुसऱ्याच्या घरी, नजरा झेलत खाल्लेल्या अन्नाला नुसता एक शब्द आहे, 'नुन्चित्बाप्', आणि आश्रिताचे जिणे जगलेल्या कोणाही मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. शिवाय माणूस बदलला की शब्द बदलतो. वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात येतो तो 'चिंजी', राजाच्या पुढे 'सुरा' (मद्याशी संबंध नाही), पितरांच्या पुढे 'मे'. पदार्थ तोच. तोंगहाक पंथाचे दुसरे धर्मगुरू छ्वे सी-ह्योंग यांना १८९८ साली फाशी झाली. एक वाडगा अन्न कळले की सारे काही कळले, अशा आशयाची त्यांची शिकवण होती. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्यांना ती परकी वाटू नये. विसाव्या शतकात कवी किम ची-हा यांनी तोच धागा पुढे नेला.

किम हून या कादंबरीकाराचा २००३ सालचा एक निबंधसंग्रह आहे. त्याच्या शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'बाप् कमावण्याचा कंटाळा'. मराठीत हात आपोआप 'भाकरी'कडे जातो. 'भाकरी कमावण्याचा कंटाळा' हे वाक्य मराठीत जन्मल्यासारखे वाटते. पण भाकरी म्हटली की ज्वारीचे शेत आले, पिठाचे हात आले, तव्याचा चटका आला. आपल्या देशावर भात हे सणाचे अन्न होते आणि भाकरी रोजची; कोकणात उलटे. कोणत्या मराठीत अनुवाद करायचा? माझी एक सहकारी म्हणते की अर्थ पोचणे महत्त्वाचे, भाकरी लिहावी. मला ते पटत नाही. 'भात कमावणे' मराठीत रूढ नाही हे खरे, पण वाचकाला ते समजते, आणि रूढ नसल्यामुळेच आपण दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जेवायला बसलो आहोत याचे भान राहते.

माझे सूत्र थोडक्यात असे: नामे त्यांची राहू द्यावीत, क्रियापदे आपली वापरावीत. पार्क वान-सो यांच्या बालपणावरील १९९२ च्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २००९ साली झाला. तिच्या नावातच 'शिंगा' ही एक रानभाजी आहे. अनुवादकांनी ती तशीच ठेवली; इंग्रजी वाचकाला शिंगा ठाऊक नाही आणि कादंबरी वाचून झाल्यावर ती त्याला हवीहवीशी वाटते. नामाची ही ताकद असते, ते दूरवरून येऊन रुजते. क्रियापदाचे तसे नाही. 'तिने त्तुम् दिला' असे लिहून तळटीप दिली तर वाक्य लंगडे होते. तिथे 'मुरू दिला' हवे. उलट शरदातल्या छुसक सणाला कोरियन घरांत अर्धचंद्राकृती 'सोंगप्योन' करतात. तांदळाच्या पिठावर कढत पाणी घालून मळायचे, तीळ किंवा अन्य सारण भरायचे, देवदाराच्या जातीतल्या झाडाच्या सुयांसारख्या पानांवर ठेवून उकडायचे. इंग्रजीत हा 'राइस केक', आणि त्यावरून मराठीत 'तांदळाचा केक' आलेला मी छापील पाहिला आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मेणबत्ती येते. त्याला मोदक म्हणावे असे मात्र मी म्हणणार नाही. मोदक म्हटले की गणपती आलाच, आणि कोरियन घरात तो नाही. सोंगप्योन सोंगप्योनच राहू दे. पण पिठाची उकड काढली, पारी केली, सारण भरले, तोंड मिटवले, ही क्रियापदे आपल्या घरातून घेतली की केकचा प्रश्नच उरत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: अशाने सगळ्याच कोरियन आज्या कोकणातल्या आजीसारख्या बोलू लागतील. हा धोका आहे. वैल, रोवळी, आधण यांच्या मोहात पडून एखादा अनुवादक सोलमधल्या विसाव्या मजल्यावरच्या घरात चूल पेटवेल. त्या घरात विजेचा कुकर आहे, तो बोलतो, भात होत आल्याची घोषणा करतो, आणि त्याच्या भाषेत आजीचे काही नसले पाहिजे. पण आजवर मराठीत हा दोष मला आढळलेला नाही. आढळला आहे तो उलटा दोष. प्रत्येक कोरियन आजी, तिचे गाव कुठलेही असो, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या बाईसारखी बोलते आणि भाताला विश्रांती देते. आपल्या अनुवादाच्या अभ्यासक्रमांत सिद्धान्तांना भरपूर जागा आहे. मूळ भाषेतला निदान एकेक शब्द विचारून घ्यावा, त्या भाषेचा एखादा बोलणारा गाठावा, कृती असेल तर ती करून पाहावी, या गोष्टींना तिथे जागा नाही. माझ्याही वर्गात नव्हती.

कथा मी पुन्हा अनुवादित केली आहे, या वेळी मूळ संहिता शेजारी ठेवून, आणि विद्यार्थिनीला प्रत्येक ओळीला छळून. आजीची खरवड खरपूस झाली आहे. त्या प्राध्यापकांना नवा मसुदा पाठवायचा होता, पण दरम्यान ते गेले. वर्गात ज्यांनी माझे विवेचन उतरवून घेतले त्यांच्या वह्या कुठे असतील मला ठाऊक नाही. त्यांतले काहीजण आता स्वतः शिकवतात.

एक शब्द अजून अडला आहे. खरवड काढल्यावर त्याच भांड्यात पाणी घालून उकळतात. तळाला चिकटलेले उरलेसुरले कण सुटतात, पाण्याला भाजल्याचा वास आणि फिकट तपकिरी रंग येतो. जेवणाच्या शेवटी ते ऊन ऊन पितात. 'सुंगन्युंग' त्याचे नाव. कथेत आजी धाकटीला खरवड देते आणि स्वतः हे पाणी पिते. मी आधी 'पेज' लिहिले, मग खोडले, कारण पेज भूक भागवते आणि हे भागवत नाही. 'भाताचे पाणी' लिहिले तर वाटते आजी आजारी आहे. काल रात्री जेवणानंतर पातेल्यात पाणी घालून पुन्हा एकदा उकळून पाहिले. मुलाने विचारले, हे काय पितेस? मी त्याला पेला दिला. त्याने घोट घेतला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, भांडं विसळल्यासारखं लागतं, पण चांगलं लागतं.